पंच वामनकाका

शेजारचे वामनकाका टीव्हीचा आवाज बंद ठेवून बातम्या बघत. पडद्यावर कोणी दिसलं की पट्टीवरचं नाव-काम आणि पोशाख पाहून सांगत, याला काय विचारलं असेल. मग आवाज सोडत. दहापैकी आठ वेळा बरोबर निघे.

“ही तांड्यावरची बाई. शाळंत गणित शिकवती, पण घागऱ्याचंच इचारतील.”

“आणि तुम्हाला, काका?”

“मला तकलीफ. दुसरं काहून इचारतील?”

काका बौद्ध, सेनगावच्या पोस्टातून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून घरात एकटे. तालुक्यातल्या व्हॉलीबॉल सामन्यांचे एकतीस वर्षं पंच. सामन्याच्या दोन दिवसांत पोरं त्यांच्याशी भांडत, हात जोडत, मागून शिव्याही देत. उरलेल्या वर्षभरात तेवढं त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

एप्रिलात जयंतीनिमित्त हिंगोलीच्या एका वाहिनीने त्यांची मुलाखत घेतली. मी सोबत होतो. चाळीस मिनिटांपैकी पंचवीस काका व्हॉलीबॉलवर बोलले. दाखवली तीनच मिनिटं, लहानपणी शाळेत वरून ओतलेल्या पाण्याची. खाली पट्टी: ‘वंचितांचा आवाज’.

“खोटं न्हाई दाखवलं,” काका म्हणाले. “वरूनच ओतायचे. पण एवढाच हाय का मी?”

पुढच्या सामन्यांच्या आधी पोरं घरी आली. काकांनी पांढरी पँट इस्त्री करून ठेवली होती.

“काका, आता तुमी पंच? शोभत न्हाई. टीव्हीवाले माणूस तुमी, अध्यक्ष व्हा.”

“अन् शिट्टी?”

“ती कुणीबी वाजवंल की!”

शाल, नारळ, हार झाले. काका मंचावर मधल्या खुर्चीत, मी त्यांच्या मागे. शेवटच्या गेममध्ये बॉल रेषेच्या चांगला वीतभर बाहेर पडला. नव्या पंचाने आत दिला. काका ताडकन उठले. दोन्ही हात कोपरात वाकवून वर केले, तळवे स्वतःकडे. बॉल बाहेर, असा तो पंचाचा इशारा. मैदानातल्या कोणाचं लक्ष गेलं नाही. फोटोवाल्याचं गेलं.

त्यानंतर काकांना पंच म्हणून कोणी बोलावलं नाही. दीड वर्षाने ते गेले, तेव्हा पेपरात तोच फोटो पुन्हा आला. ओळही तीच: ‘समाजाला साद घालताना’.

पहिल्यांदा छापून आला, त्या सकाळी मीच पेपर घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, फोटो बराच वेळ बघितला.

“बॉल बाहीर होता,” म्हणाले.