एकही दिवस मोकळा नाही

सन एकोणऐंशी. घोटीत सरकारी दवाखान्याचं बांधकाम चाललं होतं. पाया कधी, भिंती कधी, स्लॅब कधी, हा सगळा तक्ता सावळीरामने स्वतःच्या हाताने आखला होता. हे काम घेतलेल्या नाशिकच्या ठेकेदाराकडे तो बारा वर्षं कारकून होता.

"दोन-चार दिवस हातचे ठेवायचे रे," सरकारी इंजिनिअर म्हणाले होते.

"कशाला साहेब? बघा तुम्ही, घड्याळ लावून काम करतो!"

पुढे सिमेंटच्या परमिटला उशीर झाला आणि पहिली नोटीस आली. दुसरी आली की काम हातचं जाणार.

स्लॅबच्या दिवशी सकाळी मिक्सर सुरू होणार, एवढ्यात कांद्याचा ट्रक रस्त्याकडेला थांबला. ड्रायव्हर लहानू, सावळीरामच्याच गावचा, चांदवडचा.

"सावळीभाऊ, कुसामावशीचं काय खरं नाय. सारखं तुमचंच नाव घेती. माझा भाऊ मुंबईवरनं माघारी येतोय, त्याच्या गाडीत बसा."

सावळीरामने ठेकेदाराकडे पाहिलं.

"जा की. तुझी आई आहे," ठेकेदार म्हणाला. "पण कागदावर साइटचा जबाबदार माणूस तू. तू नसलास तर साहेब घमेलं उचलू देणार नाहीत. साठ माणसं परत पाठवतो, काय!"

"दादा, जावा तुम्ही," घमेलं घेऊन उभी असलेली भागुबाई म्हणाली. "सलाब काय, उद्या व्हईल."

"उद्याच्या रकान्यात दुसरं काम आहे गं."

लहानूच्या भावाची गाडी आली, हॉर्न वाजवून गेली. मिक्सर सुरू झाला. सुरू झालेला स्लॅब मध्येच थांबवता येत नाही. सांधा राहतो, पावसाळ्यात गळतो. "पळा रे, पळा!" सावळीराम ओरडत होता. त्या दिवशी त्याच्याइतकं कोणीच पळालं नाही.

साडेचारला शेवटचं घमेलं पडलं. साहेबांनी सही केली.

दिवेलागणीला तो चांदवडला पोचला, तेव्हा माणसं अंघोळ करून ओल्या केसांनी ओट्यावर बसली होती.

"चारपर्यंत थांबलो," थोरला भाऊ केरू म्हणाला.

वहिनी, लंकाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "भाऊजी, लई त्रास नाय झाला त्यास्नी. सकाळी शुद्धीत व्हत्या. इचारलं, 'सावळ्याचा सलाब झाला का?' आम्ही म्हनलं, झाला, निघालाय तो. तर हसल्या. म्हनल्या, 'मंग त्याच्या अंघोळीला पाणी ठेवा.'"

"किती वाजता गेली?"

"धाचा सुमार असंल."

सावळीराम उंबऱ्यावरच बसला. दहाला एका खोलीवरचा स्लॅबसुद्धा भरून झाला नव्हता.