मागच्या बाकाचा तास

तासबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं शाळेत कुणी उरलं नव्हतं. शिकवायच्या त्या भूगोल, पण बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्याच बनवत, म्हणून तासबाई. शाळा उघडायच्या आधीचा आठवडाभर घरातलं जेवणाचं टेबल त्यांच्या ताब्यात जाई. मोठ्या पुठ्ठ्यावर वर्ग आणि वार आखायचे, प्रत्येक शिक्षकाच्या एकेका रंगाच्या चिठ्ठ्या कापायच्या आणि बसायचं त्या सरकवत. यांना शेवटचा तास नको, त्यांचा गुडघा दुखतो, अमक्यांना जेवणानंतर आठवी दिली की वर्गाआधी तेच पेंगतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ. चष्म्याच्या दुकानात काम करणारा त्यांचा नवरा ताट मांडीवर घेऊन जेवे आणि म्हणे, आपल्याला हे टेबल लग्नात मिळालंय ते नुसतं बघायला.

त्या वर्षी सासूबाईंना मांडीवरच्या ताटाचा कंटाळा आला. सून अंघोळीला गेलेली बघून त्यांनी पुठ्ठा उचलून कपाटावर ठेवला. दोन-तीन चिठ्ठ्या गळून पडल्या, त्या त्यांनी परत नीट लावून दिल्या. निदान त्यांच्या मते नीट. लाल चिठ्ठी निळीशेजारी शोभून दिसत होती, म्हणून तिथे, त्याच चौकोनात चिकटवली, आणि तासबाईंनीही घाईत तसंच उतरवून घेतलं.

लाल म्हणजे गणिताचे सर. निळी म्हणजे भाषेच्या बाई. सोमवारी तिसऱ्या तासाला दोघं एकदमच आठवीच्या दारात उभे राहिले. असं झालं की एकाने हसून माघारी जायचं, ही शिक्षकांची रीत. पण सर दोन जिने चढून आले होते आणि आता हा गुडघा लगेच खाली उतरायचा नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग बाई शिकवायला उभ्या राहिल्या आणि सर मागच्या बाकावर मुलांच्यात जाऊन टेकले.

मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले ते तरातरा, गुडघा विसरून. खिडकीशेजारी बसणारी ती वेणीवाली मुलगी दोन वर्षांत त्यांच्या तासाला एक अक्षर बोललेली नव्हती.

"ती पोरगी बोलते?" त्यांनी भाषेच्या बाईंना विचारलं.

"बोलते? तिला गप्प करायला मला डस्टर आपटावं लागतं."

"माझ्याकडे तर मौनव्रत."

"मग उद्या मी येते तुमच्याकडे. ती गप्प बसते कशी, ते मलाही बघायचंय."

तासबाई कोपऱ्यात, झालेल्या गोंधळाबद्दल माफी मागायची म्हणून शब्द जुळवत बसल्या होत्या. ते शब्द त्यांनी तसेच गिळले. वीस-वीस वर्षं ही माणसं एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे शिकवत होती आणि कुणी कुणाला शिकवताना पाहिलं नव्हतं. त्या घरी गेल्या आणि पुठ्ठा परत टेबलावर घेतला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. या खेपेला मात्र तासबाईंनी चिठ्ठ्या मुद्दाम जोडीने लावल्या, प्रत्येकाला आठवड्यातून एक तास, दुसऱ्याच्या वर्गात, मागच्या बाकावर.

पहिल्याच आठवड्यात विज्ञानाचे सर वही-पेन घेऊन बसले, तर चित्रकलेच्या बाई फळ्यावर काढलेली रेघ पुन्हा पुन्हा पुसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी वेळापत्रकाच्या तळाशी ओळ आली, मागच्या बाकावर पेन आणू नये. तेव्हापासून जो तो हलका झाला. चित्रकलेच्या बाईंकडून विज्ञानवाल्यांनी आकृत्या काढायला शिकून घेतलं, आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आठवड्यातून एकदा पाचवीत बसून पोटभर हसून येऊ लागल्या. घरी सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ही सगळी कल्पना माझी.

गोष्ट शिक्षणाधिकारी साहेबांच्या कानावर गेली. साहेब भला माणूस. त्यांना हे फार आवडलं, तालुक्यातल्या सदतीसच्या सदतीस शाळांत सुरू करू म्हणाले आणि सोबत एक तक्ताही पाठवला. दहा रकाने. मागे बसणाऱ्याने पुढच्याला गुण द्यायचे आणि खाली सही करायची. त्या सोमवारी तासबाईंनी सगळे वर्ग फिरून पाहिले. एकही मागचा बाक भरलेला नव्हता. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या.

तासबाईंना कचेरीत जायची सवय नव्हती. तरी त्या गेल्या, तासभर बाहेर बसल्या आणि आत गेल्यावर एकच म्हणाल्या, की तक्ता आला तर हा तास सदतीस शाळांत मरेल, आपल्या शाळेत तर तो मेलाच आहे.

"पण बाई, कागद नसेल तर काम झालं हे मला कळणार कसं?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही एकदा येऊन बसा, साहेब. पेन बाहेर ठेवून."

साहेब गुरुवारी आले. दाराशी तासबाईंनी हात पुढे केला, साहेबांनी खिशातलं पेन काढून दिलं आणि सातवीच्या मागच्या बाकात कसेबसे मावले. पुढे गणिताचे सर. त्यांना घाम फुटला होता. बारा हात दोरीचा दोन तृतीयांश तुकडा काढायचा होता. घाबरून सरांनी आकडे उलटे, तीन वर आणि दोन खाली लिहिले आणि ठसक्यात उत्तर मांडलं, अठरा हात. मग एक मुलगी उठली.

"सर, तुकडा दोरीपेक्षा मोठा झाला."

तासबाई दाराबाहेर उभ्या होत्या. साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. सरांनी फळ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि खडू चक्क त्या मुलीच्या हातात दिला. शोधा म्हणाले, माझं कुठे बिनसलं. मग जो दंगा झाला! तिघांनी तीन तऱ्हांनी चूक शोधली, एकाने दप्तराचा पट्टाच मोजायला काढला, आणि साहेबांच्या शेजारचा मुलगा त्यांना हळूच समजावत होता, कारण साहेबांचं पहिलं उत्तर आठाऐवजी नऊ आलं होतं.

नंतर गणिताच्या सरांबरोबर चहा पिताना साहेबांनी कप खाली ठेवला.

"पेन असतं ना, सर," ते म्हणाले, "तर मी 'फळ्यावर चूक' एवढं लिहून उठलो असतो. पुढचं काही बघितलंच नसतं."

पुढच्या सोमवारी सदतीस शाळांना पत्रक गेलं. तीन ओळींचं. आठवड्यातून एक तास दुसऱ्याच्या वर्गात बसावं, पेन बाहेर ठेवावं, कळवायचं काही नाही. अडचण आल्यास खालील क्रमांकावर विचारावं, आणि क्रमांक तासबाईंच्या शाळेचा. सकाळपासून फोन वाजू लागला. पत्रकासोबतचा तक्ता पाकिटात घालायचा राहिलाय का, हे जवळजवळ प्रत्येक शाळेला विचारायचं होतं. नाही, तक्ता नाहीच, असं सांगून सांगून तासबाईंचा घसा बसला. लोकांचा विश्वासच बसेना. एका मुख्याध्यापकांनी तर आपणच एखादा तक्ता करून पाठवू का, अशी तयारीही दाखवली.

पंधरवड्याने फोन आला तो नदीपलीकडच्या, अगदी टोकाच्या शाळेतून. तिथल्या बाई अडचणीत होत्या. संगीताच्या सरांच्या एकाच तासाला मागे बसायला पाच जण अडून बसलेत, त्यात शाळेचा शिपाईही आहे, आणि कुणीच ऐकत नाही. हे वेळापत्रकात बसवायचं कसं?

"थांबा हं," तासबाई म्हणाल्या. कोरा कागद पुढे ओढून त्यांनी वार आखायला घेतले. "शिपायांना कुठला तास मोकळा असतो, ते आधी सांगा."