काचेच्या बाऊलमधली काळी माती

माझ्या सासरच्या लोकांचा देवापेक्षा जास्त विश्वास आपल्या मातीवर. पातूरकडे त्यांचं वावर, म्हणजे शेत, आहे. काळं, भारी, आणि त्याचं कौतुक एकदा सुरू झालं की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकी सगळ्या जगात नुसता मुरूमच आहे. कपाशी गेली तर बियाणं बोगस. तुरीचा फुलोरा गळला तर धुवारी, म्हणजे धुकं, आली. हरभरा मेला तर फवारणीवाल्याने औषध चुकवलं. माती मात्र कधीच चुकली नाही. अकोल्यात फ्लॅट घेतला तेव्हा नवऱ्याने गॅस-शेगडीच्याही आधी मातीचं पोतं वर चढवलं आणि बाल्कनीतल्या कुंडीत तुळस लावली. त्या कुंडीत पाणी घातलं की डबकं होतं, नाही घातलं की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तुळस दरवर्षी वाळते आणि सासूबाई दरवर्षी म्हणतात, "रोपच खराब निघालं बाई."

माझं माहेर अमरावतीचं. बाबा शहराच्या कडेला भाजी आणि फुलं पिकवायचे. माती जड वाटली तर ते तिच्यात रेती मिसळायचे, हलकी वाटली तर शेणखत, आणि तरी नाही जमलं तर दुसरं काहीतरी लावून मोकळे व्हायचे. मातीचा गर्व करायला आमच्याकडे कोणाला सवड नव्हती. सासरी याला भाजीवाल्यांची अक्कल म्हणतात.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचं अभ्यासाचं टेबल रिकामं झालं. रिकामं कुठलं, त्याच आठवड्यात त्यावर नवऱ्याच्या फायली, सासूबाईंच्या गोळ्या आणि बोअरच्या मोटरचा कसलासा तेलकट तुकडा येऊन बसला. मी ते सगळं उचलून ज्याच्या त्याच्या पलंगावर नेऊन ठेवलं आणि सांगून टाकलं की इथे मी मासोळ्यांचा बाऊल ठेवणार आहे. आमच्या स्वयंपाकघरात फोडणी सासूबाईंच्या पद्धतीने पडते, पडद्यांचा रंग नवरा ठरवतो. मला त्या घरात हातभर जागेत एक गोष्ट माझ्या मनासारखी करायची होती. हट्ट म्हणा हवं तर. होताच तो हट्ट.

माहेरी गेले तेव्हा राजापेठेतून सामान आणलं. ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांमधून वाट काढत मासोळ्यांच्या दुकानात शिरले. दुकानदाराने न विचारताच सांगितलं, "पहिले रेती धुवा. झाडं लावा, ते रुजू द्या. मग मासोळ्या सोडा. अन् कमीच सोडा ताई, हा काई तलाव नोहे." मी तसंच केलं. रेती धुताना सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"तांदूळ नाई धुत कधी एवढे, अन् रेती धुऊन राहिली!"

नवरा चहा पीत आला. तो बँकेतून निवृत्त झाल्यापासून सगळ्याच विषयांतला जाणकार झाला आहे.

"रेतीत काय उगते वं? वाळवंटात मासोळ्या पाह्यल्या का तू कधी?"

"पाण्यातली झाडं आहेत ही," मी म्हटलं.

"झाड म्हणजे झाड. आपली माती टाक ना, घरात पोतं पडलं हाय."

मी टाकली नाही. नळाचं पाणी त्यातलं क्लोरीन उडावं म्हणून बादलीत उघडं ठेवून मग बाऊलमध्ये भरलं. त्यावरही टोमणा झाला की पिण्याचं पाणी मासोळ्यांना पाजून राहिली. झाडं आधी दमल्यासारखी कलली, काही पानं पिवळी पडली आणि मग एका झाडाला मधून कोवळं पान फुटलं. तेव्हा मी तीन गप्पी आणून सोडल्या. नवरा म्हणाला, "या तं डासासाठी हौदात सोडतात, फुकटात भेटतात." भेटोत. त्यातल्या एकीची शेपटी नारिंगी होती, आणि ती हिरव्या पानांमधून गेली की मला खरंच बरं वाटायचं. सकाळचा चहा मी त्या टेबलापाशी घ्यायला लागले.

मग भाचीच्या बाळाचं बारसं आलं आणि मी अमरावतीला गेले. परत आले तर टेबलावर काळ्या गाळाने भरलेलं एक काचेचं भांडं होतं. आत काहीच दिसत नव्हतं, झाडं नाहीत, मासोळ्या नाहीत. नवरा शेजारी असा उभा होता, जसं काही नवीन घर दाखवतो आहे.

"पानं पिवळे पडले होते. काल रेती काढली अन् आपल्या वावरातली माती टाकली. आता पाह्य, कसे वाढते ते."

"बसते ते थोड्या वेळात," सासूबाई म्हणाल्या.

कालपासून बसत होती ती माती. पावसाळ्यात त्याच वावरात रुतलेली चप्पल या माणसाने दोन्ही हातांनी ओढून काढलेली मी पाहिली आहे. ती माती पाण्यात काय करते हे त्याला माहीत नव्हतं, असं कोणी सांगू नये. माहीत होतं. पण आपल्या मातीविषयी माहीत असलेलं मान्य करायची त्या घरात रीत नाही.

मी पातेल्यात साठवणीचं पाणी घेतलं आणि चहाच्या गाळणीने शोधायला लागले. दोन मेलेल्या निघाल्या. तिसरी, नारिंगी शेपटीची, वर येऊन तोंड उघडत होती. तिला पातेल्यात सोडलं. मागून नवऱ्याचा निकाल आला.

"मातीत खोट नाई. मासोळीच कच्ची होती."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी अंगात ताप असताना मला कापूस वेचायला नेलं होतं आणि मी तासातच कोसळले होते. बाबा मला न्यायला आले, तेव्हा सासूबाई त्यांना अंगणात उभं ठेवूनच म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात काई कमी नाई. पोट्टीच कच्ची निघाली." बाबांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मीही ते गिळून टाकलं आहे.

मी गाळणी हातात घेऊनच वळले.

"मासोळी कच्ची नव्हती. तुमची मातीच वाईट हाय."

सासूबाईंनी दाराची चौकट धरली. त्या घरात हे वाक्य कोणी कधी उच्चारलं नव्हतं.

"वावराले नावं ठेऊन राहिली तू?" नवऱ्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी दोघंही जेवले नाहीत. मी पातेल्यातल्या मासोळीला दाणे टाकले, आणि ताट वाढून घेऊन पोटभर जेवले.