पान लागलं म्हणजे काय

मी मेले असं सगळे म्हणत होते, आणि मला ते ऐकू येत होतं.

डोळे उघडत नव्हते. बोट हलत नव्हतं. शेजारची काकू रडत म्हणाली, "गेली गं पोर." मला ओरडून सांगायचं होतं, अगं बाई, आहे मी!

त्या दिवशी मला परत आणणाऱ्या सुनंदा मॅडम आज सकाळी गेल्या.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी माझ्या बाबांबद्दल लिहावं लागेल.

आमचं गाव वज्रेश्वरीच्या रस्त्यावर. मी आठवीत असताना बाबांना अंथरुणात मण्यार चावली. आमच्याकडे चावलेल्या सापाचं नाव घेत नाहीत. "पान लागलं" म्हणतात.

सकाळी आईने बाबांना जीपमध्ये घालून भिवंडीच्या हॉस्पिटलात नेलं. ड्युटीवर नवीन डॉक्टर होत्या, पुण्यात वाढलेल्या सुनंदा मॅडम.

"काय झालं?"

"यांना पान लागलंय."

मण्यारीच्या दंशाला सूज येत नाही, खूणही धड दिसत नाही. बाबांचं पोट दुखत होतं, गरगरत होतं, पापण्या मिटत होत्या. मॅडमना वाटलं, तंबाखूचं पान लागलंय. त्यांनी उलटीचं इंजेक्शन देऊन बाबांना झोपवलं.

दुपारी बाबा गेले.

दहाव्याला मॅडम आमच्या दारात उभ्या.

"माजा मानूस नेलास, आता काय नेवाला आलीस?" आई म्हणाली.

"चुकले मी. मला सगळं पहिल्यापासून सांगाल का?"

आईने दार लावून घेतलं. मॅडम ओटीवर बसूनच राहिल्या. मी पाणी घेऊन गेले, तर मलाच विचारायला लागल्या. पोट आधी दुखलं की पापण्या आधी मिटल्या? बोलता येत होतं का? गिळता येत होतं का?

मी सांगत गेले. बाबांबद्दल मला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

मग सुरू झालं ते दोघांचं वेड. मॅडम आणि त्यांच्या हॉस्पिटलच्या लॅबमधले रफिक सर. सरांच्या स्कूटरवर राहनाळच्या गोडाऊनपासून आमच्या पाड्यांपर्यंत दोघं फिरायचे. "कुणाला पान लागलं होतं का?" मॅडम आमच्या बोलीत विचारायला जायच्या आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. इतकं वाईट कुणीच बोलत नसेल.

रफिक सर म्हणायचे, "बेटा, तुम्हारी मॅडम को नींद नहीं आती, तो मुझे भी सोने नहीं देती."

मोठ्या हॉस्पिटलांतले लोक विचारायचे, खूण नाही, सूज नाही, मग सापाची लस कशाच्या जोरावर द्यायची? मॅडमकडे तेव्हा उत्तर नव्हतं. हातातले पेशंट जातही होते. असं कुणी गेलं की त्या आमच्या ओटीवर येऊन बसायच्या. आई आतून बाहेर यायची नाही. चहा मात्र पाठवायची, माझ्या हातून.

वर्षं गेली आणि उत्तर सापडलं. पोटात दुखतंय आणि पापणी जड आहे, एवढं दिसलं की खूण शोधत बसायचं नाही. लगेच लस. आणि श्वास बंद पडायच्या आत तोंडाला फुगा लावून हाताने हवा देत राहायची, विष उतरेपर्यंत.

लोक वाचायला लागले. वाचलेले सगळे एकच सांगायचे, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला मण्यार चावली.

श्वास देणारं मशीन ठाण्याला होतं. कशेळीच्या ट्रॅफिकमधून तिथे पोचेपर्यंत मी उरले नसते. मॅडम आणि सर आळीपाळीने फुगा दाबत बसले. तो दिवस, आणि दुसराही.

पलीकडे आई होती. "माजा मानूस तर गेला, बाय. पोर तरी मना परत दे."

मॅडम फुगा दाबतच खाली वाकल्या. माझ्या कानाशी आल्या. "कल्पे, ऐकू येतंय ना? पापण्या उघडायचा प्रयत्न करू नकोस, उघडणार नाहीत. मी हाय. फुगा सोडत न्हाय."

तेच भयानक उच्चार. मला आतल्या आत हसू आलं.

मी जगले. तरी आईने त्यांना माफ केलं असं कधी म्हटलं नाही. आणि मॅडमनी कधी पान खाल्लं नाही, माझ्या लग्नातसुद्धा विडा हातात घेऊन तशाच बसल्या होत्या.

काल रफिक सरांचा फोन आला. मॅडमच्या मेंदूत रक्तस्राव, आयसीयू. आई म्हणाली, "मना नेस." तिला आता चालवत नाही. धरून धरून नेलं.

आतले डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "बोला हवं तर. पण त्यांना ऐकू येणार नाही."

आई वाकली. मॅडमच्या कानाशी तोंड नेलं.

"बाय, पान लागलं म्हंजे काय, ता तुला कसा ठाव असनार? तू तं भायरची. तुजा काय बी चुकला नव्हता."

इतकी वर्षं लागली तिला.

मी मॅडमच्या पापणीकडे बघत राहिले. हलली नाही.

पण तेव्हा माझीही हलली नव्हती.

ऐकलंत ना, मॅडम? मग निवांत जा आता. फुगा आम्ही सोडत न्हाय.