वाऱ्याशिवाय फिरणारी पवनचक्की

रविवारी लोणावळ्याला फिरकायचं नाही, हा माझा नियम एका व्हिडिओमुळे मोडला. मैत्रिणीनं तिथल्या एका रिसॉर्टमधून आमच्या पवनचक्कीचा व्हिडिओ पाठवला होता. पाती झोकात फिरत होती आणि मागच्या झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं!

'आमची' म्हणजे माझी आणि सलीमभाईंची. कान्ह्याला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जनरेटरची प्रत्येक कॉइल त्यांनी हातानं गुंडाळली. मी कन्व्हर्टर बनवला, म्हणजे वाऱ्यागणिक कमीजास्त होणारी वीज सारखी करून बॅटरीत भरणारा डबा. मध्ये गिअरबॉक्स नाही, पाती थेट जनरेटरवर, म्हणून मंद वाऱ्यातही वीज मिळते. त्या रिसॉर्टवर बसवलेलं हे पहिलं यंत्र बघून ऑर्डरी येतील, या आशेवर सलीमभाईंनी दुकानातली बाकीची कामं मागे ठेवली होती.

तळेगावला मी लोकल पकडली, कान्ह्याला सलीमभाई चढले. तुम्हीही लोकलनंच जा, हायवेवर गाडीत शिजत बसण्यापेक्षा बरं. स्टेशनबाहेरचा वडापाव चांगला होता. वर टेकडीपर्यंत रिक्षावाल्यानं तीनशे घेतले, तेही उपकार केल्यासारखे.

फाटकावरच पाटी: 'आम्ही वाऱ्याच्या विजेवर चालतो.' वारा औषधालाही नव्हता. सलीमभाई केबलच्या मागोमाग मीटरच्या खोलीत गेले. माझा डबा कोपऱ्यात धूळ खात पडलेला, त्याच्या जागी मोटर फिरवणारा ड्राइव्ह, आणि तो थेट लाइटच्या मीटरला जोडलेला.

"ताई, ही वीज देत न्हाई," सलीमभाई म्हणाले, "पितीय!"

मॅनेजर हसतच आला. "पाहुण्यांना फोटोत फिरताना दिसायला हवी ना मॅडम. वारा काय रोज असतो?"

"मग ती पाटी काढा."

"अहो, तुमची फुकट जाहिरात होतेय, आणि तुम्हीच चिडताय?"

माझं डोकंच फिरलं. जनरेटरला उलटी वीज दिली की त्याचीच मोटर होते, याचं शिकताना मला केवढं कौतुक वाटलं होतं. त्याचा हा उपयोग? मी तावातावानं भांडले. पाटी काही निघाली नाही.

"चार म्हैने बोटं सोलली वो माजी," उतारावर सलीमभाई एवढंच बोलले.

घरी आल्यावर दरीचा एकही फोटो मोबाइलमध्ये नव्हता. राग मात्र तसाच होता. मंगळवारी सलीमभाईंचा फोन आला. अखेर पहिली ऑर्डर आली होती, पवना धरणाकडच्या एका रिसॉर्टची.

"तसलीच पायजेल म्हनले. वारा नसला तरी फिरनारी."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हनलं, पंखा बाजारात मिळतुया."