खिळा कुठं ठोकू?

खोली भाड्यानं घेण्याआधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा, विजेचा मीटर वेगळा आहे का ते बघा, करार नोंदवून घ्या. आम्ही हे सगळं केलं होतं. बजाजनगरातल्या त्या दोन खोल्या घेताना एकच गोष्ट विचारायची राहिली: भिंतीला खिळा ठोकला तर चालेल का?

मालक वरच्या मजल्यावर राहायचा. शेत कारखान्यांत गेल्यावर त्यानं भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. आपलंच घर समजा, दादा, असं तो वडिलांना म्हणाला आणि वडिलांनी ते खरं धरलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून त्याला काही उमगलं नसावं.

रविवारी सकाळी वडिलांनी खिळा ठोकून निळ्या कोटातली तसबीर लावली. ठोकाठोकी ऐकून मालक मुलाला घेऊन खाली आला. आधी गिलाव्यावरून कुरकुरला. मग त्याची नजर वर गेली.

"हे आधी सांगायचं ना," तो म्हणाला. 'दादा' गळून पडलं होतं.

"तुम्ही इचारलंच नाय."

त्यानं वडिलांच्या थोबाडीत अशी हाणली की चष्मा ओट्याखाली गेला. मुलानं तसबीर ओढून फरशीवर आपटली. आई ती उचलायला वाकली, तर त्यानं तिच्या हातावर पाय दिला. काच तळव्यात घुसली. मी त्याची कॉलर धरली. त्यानं आमचाच हातोडा उचलून माझ्या उजव्या खांद्यावर घातला. हाड मोडलं ते दातांपर्यंत जाणवलं.

मग गाद्या, भांडी, पिठाचा डबा, सगळं रस्त्यावर. दाराला कुलूप. शेजारचा भाडेकरू जाळीमागून आईला म्हणाला, मावशी, फोटो आतल्या खोलीत लावायचा होता. वडील गाद्या गोळा करू लागले. मुकुंदवाडीला आपल्या लोकांत बघू, म्हणाले.

हातोड्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला बाहेर काढता येत नाही, हे वडिलांनी चळवळीत वाटलेल्या ज्या पत्रकांवर भाकरी ठेवून मी लहानपणी जेवले, त्यांतच छापलेलं होतं. मी तसं ओरडून सांगितलं.

"पत्रक वाचून कुलूप उघडतं व्हय?" वडील म्हणाले.

हातोडा आईनं उचलला. रक्तानं दांडा निसटत होता, म्हणून तिनं त्याला पदर गुंडाळला आणि कुलूप तुटेपर्यंत घाव घातले. मालक जिन्यात उभा होता. ती वळली.

"आता खाली आलास, तर ह्योच तुझ्या टाळक्यात घालीन."

तो आला नाही. पोलिसांत आम्हीच गेलो. ती केस अजून चालू आहे. खिळा भिंतीतच होता. बिनकाचेची तसबीर त्याच्यावरच लागली आणि करार संपेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो.

आता मी खोली बघायला जाते तेव्हा हातोडा आणि तसबीर पिशवीत असतात, डाव्या खांद्यावर. उजव्याला वजन पेलत नाही. पाणी, मीटर नंतर. आधी तसबीर बाहेर काढते आणि मालकाला विचारते, खिळा कुठं ठोकू? भिंत दाखवायला त्याला वेळ लागला, की मी चप्पल घालते.