खंडेनवमीचा जोड

भूकंप झाला त्या वर्षी मी सातवीत होतो. लातुरातलं आमचं घर उभं राहिलं, पण भिंतींना भेगा पडल्या आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या भेगांचा नादच लागला. प्रत्येक भेगेच्या टोकाशी ते पेन्सिलीनं आडवी रेघ मारायचे आणि शेजारी तारीख लिहायचे. त्यांचे डोळे अधू, म्हणून दर रविवारी सकाळी स्टुलावर मला चढवायचे. भेग रेघेच्या पुढं सरकली नसेल तर त्या दिवशी मला अर्धा कप चहा जास्त मिळायचा.

"नुसती दिसली म्हणून भिऊ नको. वाढते का ते बघ," एवढंच त्यांचं शास्त्र होतं.

पुढं गावात क्लासेसचं पेव फुटलं. आमच्या त्याच खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेली पोरं भाड्यानं राहू लागली. त्यांचे पालक भिंतीकडं बघून कचरले की अण्णा त्यांना पेन्सिलीच्या रेघा दाखवायचे आणि गाडी रुळावर आणायचे. आमच्या भेगांखाली अभ्यास करून चौघंजण डॉक्टर झाले. मी घरचाच, आणि मी मात्र दोनदा आपटलो. लातूरचं पोरगं आणि मेडिकलला नाही, हे लग्नाच्या पंगतीत प्रत्येक नव्या वाढप्याला नव्यानं समजावून सांगावं लागायचं. मला पंगतींचा वीट आला आणि मी नांदेडला पॉलिटेक्निकला पळालो.

नोकरीही नांदेडलाच लागली. एमआयडीसीतला तो कारखाना आधी दूध डेअरीच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवायचा. मग कसं कोण जाणे, त्याला अणुवीज केंद्राच्या पाइपांचं काम मिळालं. मालक आठवडाभर जमिनीवर नव्हते. पाठोपाठ नियमांची जाडजूड फाइल आली. स्टेनलेसला साध्या लोखंडाचा ब्रश लावायचा नाही, घामेजल्या हातानं शिवायचं नाही, मिठाचा अंश कुठं लागू द्यायचा नाही. मीठ लागलं तर पाइप वरून चकचकीत राहतो आणि वर्षांनी आतून तडकतो. हे सगळं पाळलं जातंय का हे बघायला आणि वेल्डिंगचे जोड तपासायला एक माणूस हवा होता. मी तपासणीचा कोर्स करून परीक्षा पास झालो होतो, आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या झटक्यात. म्हणून तो माणूस मी.

जोड मारणाऱ्यांत सर्वांत वडीलधारे होते उदगीरचे चाचा. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल, आणि हात असा की जोडावरची लाट करंजीच्या मुरडीसारखी एकसारखी यायची. अणुकेंद्राच्या कामासाठी प्रत्येक वेल्डरला परीक्षा देऊन एक कार्ड मिळवावं लागे. चाचांचं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून शर्टाच्या खिशात असायचं. जेवायला बसण्याआधी ते खिसा चाचपून बघायचे. पण उन्हाळ्यात शटर उघडं राहिलं, वेल्डिंग होताना जोडाला हवेपासून जपणारा गॅस वाऱ्यानं उडाला आणि त्यांचे दोन जोड एक्स-रेत नापास झाले. तिसरा नापास झाला की कार्ड जमा, असा आमच्याकडचा नियम होता. मग परत दुधाच्या टाक्या. चाचा वरवर हसून घ्यायचे, पण त्यानंतर खिसा चाचपणं वाढलं होतं.

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं आणि यंत्रं पुजतात, आणि मालकांची कंबर धरली होती म्हणून पूजेचं ताट माझ्या हातात आलं. कटर, ग्राइंडर, वेल्डिंगची मशिनं, क्रेनचा आकडा, सगळ्यांना मी हळद-कुंकू लावत सुटलो. नारळ फोडला आणि त्याचं पाणी चौफेर शिंपडलं. रॅकवर चाचांनी आदल्या दिवशी पुरा केलेला जोड होता. इतका देखणा जोड मी तोवर पाहिला नव्हता. मला भरून आलं. अणुकेंद्राची फाइल, मीठ, परीक्षा, सगळं विसरून मी त्याच्यावरून हळदीचं बोट ओढलं, वर कुंकवाचं ओढलं. चाचा तिथंच पेढा खात, माझं बोट बघत उभे होते. नंतर कुणीतरी झाडलोट करताना कोरड्या फडक्यानं पाइप पुसून घेतला, आणि वीस ठिकाणी लावलेल्या बोटांतलं हे एक बोट माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो जोड तपासायचा होता. दुपारी ग्राहकाकडचे तपासनीस हैदराबादहून येणार होते, म्हणून मी घाईत होतो. ही तपासणी सोपी असते. जोड पुसायचा, त्याच्यावर लाल रंग फवारायचा, रंगाला मुरायला वेळ द्यायचा, मग वरचा रंग पुसून पांढरी पूड फवारायची. कुठं तडा असेल तर आत मुरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. मी पूड फवारली आणि जोडाच्या कडेनं बोटभर लांब लाल रेघ उमटली.

मी चाचांकडं बघितलं. त्यांनी रेघेकडं बघितलं, मग माझ्याकडं. खिशातून कार्ड काढलं, बाहीनं पुसलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि चहाला निघून गेले.

मला रडूच यायचं बाकी होतं. रजिस्टर उघडलं, पण नापास लिहायला हात धजेना. मग सवयीनं म्हणा, मी मार्कर घेऊन त्या रेघेच्या दोन्ही टोकांशी खुणा केल्या आणि बसून राहिलो. खरा तडा असला तर आतला रंग झिरपत राहतो आणि रेघ हळूहळू फुगते. दहा मिनिटं झाली, वीस झाली, ही मात्र ढिम्म. खुणेच्या पुढं केसभरही सरकली नाही. मी पांढरं फडकं घेतलं आणि जोड घासून पुसला. फडक्यावर लाल आलं, आणि लालच्या कडेला पिवळं. आमच्या रंगात पिवळं कुठून येणार? ती हळद होती आणि ती मीच लावली होती. घाईत जोड नीट पुसला नव्हता, आणि कडेच्या खाचेत बसलेल्या हळद-कुंकवानं लाल रंग धरून ठेवला होता.

टपरीवर चाचा बशीत चहा ओतत होते. मी त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना. त्यांनी मान हलवली. मग बोलले का नाहीत? त्यांनी बशी संपवली.

"बेटा, माजं पोरगं तुज्याच गावात क्लास लावून दोनदा नापास झालं. तवा त्याचं तोंड जसं झालतं, तसंच आज तुजं झालं. तुजी नोकरी नवी हाय. मी काय, परत टाक्या जोडीन."

नारळाच्या पाण्यातही मीठ असतं, आणि ज्यानं पाइप सांभाळायचा त्यानंच त्याच्यावर ते शिंपडलं, हे कळल्यावर माझी नोकरी राहील असं मलाही वाटत नव्हतं. परत लातूरला, परत पंगतीत. खरं सांगतो, तपासनिसांच्या गाडीकडं जाताना मी दोनदा मागं वळलो. पण कार्ड माझ्या मुठीत होतं आणि ते माझं नव्हतं.

तपासनीस मूळचे तेलुगू, चेहरा कायम इस्त्री केलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फडकं उजेडात धरून बघितलं आणि वास घेतला. मग मोडक्या मराठीत म्हणाले, "आमच्या घरी पण लावतात. पण पंपाला. पायपाला नाही." त्रुटीच्या अहवालात कारण म्हणून त्यांनी माझ्याच हातानं इंग्रजी अक्षरांत हळद-कुंकू आणि नारळपाणी लिहून घेतलं. शिक्षाही दिली: रॅकवरचा प्रत्येक पाइप मी एकट्यानं शुद्ध पाण्यानं धुवायचा, मिठाचा अंश उरला नाही याचा प्रयोगशाळेचा दाखला आणायचा आणि तपासणीची परीक्षा पुन्हा द्यायची. तोवर सहीचा अधिकार बंद. नोकरी मात्र राहिली. पाइप धुताना चाचा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि कुठं राहिलं ते बोटानं दाखवायचे.

दाखला आला. तपासनिसांनी स्वतः जोड तपासला. पांढऱ्यावर एकही ठिपका उमटला नाही. एक्स-रेही निर्दोष निघाला. चाचांनी त्या अहवालातलं कारण माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, तिसऱ्यांदा तर निव्वळ मजा म्हणून.

पुढच्या खंडेनवमीला मालकांनी सगळे पाइप झाकून ठेवले आणि ताट पुन्हा माझ्याच हातात दिलं. "दाराला लाव," चाचा म्हणाले. "दाराचा एक्स-रे न्हाई काढत कुणी."

परीक्षा मी पुन्हा पास झालो होतो. दर सहा महिन्यांनी वेल्डरच्या कार्डावर तपासणाऱ्याची सही लागते. चाचा निवृत्त होईपर्यंत त्यांच्या कार्डावर माझीच सही आहे. ते टेबलासमोर येऊन उभे राहायचे, पण कार्ड खिशातून लगेच काढायचे नाहीत.

"आदी बोटं दाव," म्हणायचे.

मी दोन्ही हात उताणे आणि पालथे करून दाखवायचो. मग ते कार्ड पुढं करायचे.